पायथॉनमधील कमांड लाइन आज्ञावली व त्यांची चाचणी

कळफलकावरून एका ओळीत टंकलिखित केलेला आदेश स्वीकारून ठरावीक काम करणाऱ्या आणि त्याचे फलित बहुधा मजकुराच्या रूपाने परत देणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस कमांड लाइन आज्ञावली म्हणतात. चित्रे, खिडक्या व माउस यांची तिला आवश्यकता नसते. आदेशाच्या ओळीत प्रथम आज्ञावलीचे नाव, त्यानंतर फाइलींची नावे आणि कामाचे स्वरूप ठरविणारे पर्याय, अशी मांडणी असते. अशा आज्ञावली लिहिण्यासाठी एकविसाव्या शतकात पायथॉन या भाषेचा फार मोठ्या प्रमाणावर वापर झाला. आज्ञावली लिहिण्याइतकेच महत्त्व ती विश्वासार्ह आहे की नाही हे पाहण्याच्या पद्धतशीर चाचणीला याच काळात प्राप्त झाले. चाचणीत जो मजकूर वापरला जातो तेवढ्यापुरतीच आज्ञावलीची विश्वासार्हता सिद्ध होते. त्यामुळे इंग्रजी मजकुरावर तपासलेली आज्ञावली जळगाव, धुळे, नंदुरबार ही नावे नीट हाताळील, असे गृहीत धरता येत नाही. मराठी भाषिकांच्या दृष्टीने या विषयाचे खरे महत्त्व येथे आहे व म्हणून प्रस्तुत नोंदीत उदाहरणे खानदेशातील घेतली आहेत.

पूर्वेतिहास : आदेश वाचून तो अमलात आणणाऱ्या आज्ञावलीस ‘शेल’ म्हणजे कवच हे नाव लूई पूझां या फ्रेंच संगणकतज्ज्ञांनी १९६५ च्या सुमारास मल्टिक्स प्रणालीच्या संदर्भात दिले. १९६९ मध्ये केन टॉमसन व डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यूनिक्स ही प्रणाली विकसित करण्यास प्रारंभ केला. डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून १९७३ मध्ये तीत ‘पाइप’ ही सोय आली. एका आज्ञावलीतून बाहेर पडणारा मजकूर दुसरीत थेट सोडता येऊ लागल्याने एकच काम चोख करणाऱ्या अनेक लहान आज्ञावली जोडून मोठे काम साधण्याची पद्धती रूढ झाली. यशाची वा अपयशाची खूण म्हणून आज्ञावलीने शेवटी एक अंक परत द्यावा, तो शून्य असल्यास काम यशस्वी झाले असे मानावे आणि त्रुटीचे संदेश मुख्य फलितापासून वेगळ्या मार्गाने पाठवावेत, हे संकेतही याच परंपरेतील आहेत.

महाराष्ट्रात संगणनाची परंपरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या स्वदेशी संगणकापर्यंत मागे नेता येते. १९८० नंतर वैयक्तिक संगणकांचा प्रसार झाला, तेव्हा डॉस प्रणालीचा काळा पडदा व त्यावर टंकायचे आदेश हीच संगणकाची पहिली ओळख असे. विंडोज प्रणालीच्या प्रसारानंतर हे चित्र पालटले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाद्वारे गावोगावच्या लोकांना संगणकाचा परिचय झाला, तो प्रामुख्याने खिडक्या व माउस यांच्या द्वारा. कमांड लाइनचे ज्ञान त्यामुळे अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरते मर्यादित राहिले.

पायथॉन भाषा : नेदर्लंड्समधील खीडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत डिसेंबर १९८९ मध्ये या भाषेच्या कामास प्रारंभ केला व फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी त्यांनी एबीसी या शिकण्यास सोप्या भाषेवर काम केले होते. भाषेचे नाव सर्पावरून नव्हे, तर बीबीसीवरील ‘मॉन्टी पायथॉन’ या विनोदी मालिकेवरून घेतलेले आहे. पायथॉन २.० ही आवृत्ती २००० मध्ये, तर ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली. दुसऱ्या मालिकेचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबविण्यात आला. तिसऱ्या मालिकेत सर्व मजकूर युनिकोड या जागतिक वर्णसंकेतानुसार हाताळला जातो. हा बदल भारतीय भाषांच्या दृष्टीने मूलगामी ठरला.

रचना : आदेशातील शब्द पायथॉन आज्ञावलीस एका यादीच्या रूपात मिळतात. त्यांतील पर्याय कोणते, फाइली कोणत्या व संख्या कोणत्या हे ओळखण्यासाठी प्रारंभी यूनिक्स परंपरेतील ‘गेटऑप्ट’ हा घटक वापरीत. २००३ च्या २.३ आवृत्तीत ग्रेग वॉर्ड यांचा ‘ऑप्टपार्स’ आणि २०१० च्या २.७ आवृत्तीत स्टीव्हन बेथर्ड यांचा ‘आर्गपार्स’ हे घटक भाषेसोबत मिळू लागले. आर्गपार्समुळे चुकीचा आदेश आल्यास योग्य त्रुटिसंदेश देणे आणि मदतीचा मजकूर आपोआप तयार करणे सुलभ झाले. ऑस्ट्रियातील आर्मिन रोनाखर यांनी २०१४ मध्ये ‘क्लिक’ हा स्वतंत्र संच प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक उपआदेशासाठी एक वेगळे कार्य लिहिले जाते. २०१९ मध्ये आलेला ‘टायपर’ हा संच क्लिकच्याच पायावर उभा आहे.

चांगल्या रचनेत तीन भाग वेगळे ठेवतात : आदेश समजून घेणे, प्रत्यक्ष काम करणे आणि फलित दाखविणे. उदाहरणार्थ, रावेर वा यावल तालुक्यातील केळीच्या खरेदीची नोंद असलेली एक फाइल आहे असे मानू. प्रत्येक ओळीत गावाचे नाव, माल किती क्विंटल व क्विंटलमागे दर किती, हे लिहिलेले आहे. १२.५ क्विंटल माल व १,२५० रुपये दर असेल, तर रक्कम १५,६२५ रुपये होते. हा गुणाकार करणारे कार्य फाइल वाचणाऱ्या वा पडद्यावर छापणाऱ्या भागात मिसळले नाही, तर ते स्वतंत्रपणे तपासता येते. रकमांसाठी पायथॉनमधील नेहमीच्या अपूर्णांकांऐवजी २००४ पासून उपलब्ध असलेला ‘डेसिमल’ हा प्रकार वापरणे इष्ट ठरते. कारण द्विमान पद्धतीत ०.१ व ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. एका ओळीत ही तफावत नगण्य असते. मात्र अनेक ओळींची बेरीज करून रक्कम पैशापर्यंत जुळवताना ती अडचणीची ठरू शकते.

चाचणीचा विकास : चाचणीमुळे दोष असल्याचे दाखविता येते, दोष नसल्याचे सिद्ध करता येत नाही, असा इशारा डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६९–७० च्या सुमारास दिला होता. तथापि चाचणी हाताने, अधूनमधून करण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली. अमेरिकेतील केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी केलेल्या व पुढे १९९७ मध्ये एरिक गामा यांच्यासह जावा भाषेत आणलेल्या चौकटीने ती बदलली. चाचणी हीही एक आज्ञावलीच असावी व मूळ आज्ञावलीत बदल झाला की प्रत्येक वेळी ती आपोआप चालवावी, हे तत्त्व त्यामुळे रूढ झाले. स्टीव्ह पर्सेल यांनी ही चौकट पायथॉनमध्ये आणली व ‘युनिटटेस्ट’ या नावाने २००१ च्या २.१ आवृत्तीत तिचा समावेश झाला. त्याच आवृत्तीतील टिम पीटर्स यांच्या ‘डॉक्टेस्ट’मध्ये माहितीच्या मजकुरात दिलेली उदाहरणेच चालवून पाहिली जातात. त्यामुळे कागदावरील वर्णन व प्रत्यक्ष वर्तन यांत अंतर पडले, तर ते लगेच उघड होते. जर्मनीतील होल्गर क्रेकेल यांच्या पुढाकाराने २००४ च्या सुमारास आकारास आलेला ‘पायटेस्ट’ हा संच पुढे सर्वाधिक लोकप्रिय झाला. त्यात अपेक्षित व प्रत्यक्ष फलितांची साधी तुलना लिहिली, की चूक कोठे आहे हे सविस्तर कळते.

कमांड लाइन आज्ञावलीची चाचणी तीन स्तरांवर करतात. पहिल्या स्तरावर सुटी कार्ये तपासली जातात. वरील उदाहरणातील गुणाकार या प्रकारचा होय. दुसऱ्या स्तरावर तात्पुरती फाइल तयार करून व पडद्यावर जाणारा मजकूर अडवून तो अपेक्षेप्रमाणे आहे का, हे पाहतात. तिसऱ्या स्तरावर संपूर्ण आज्ञावली वापरणाऱ्याप्रमाणे आदेश देऊन चालवितात व तिने परत दिलेला अंक, फलित आणि त्रुटिसंदेश हे तिन्ही तपासतात. कुशल परीक्षक विशेष भर देतो तो सीमेवरच्या उदाहरणांवर. रिकामी फाइल, कोरी ओळ, शून्य वजन, उणे दर, नसलेली फाइल ही अशी काही उदाहरणे होत. वीजपुरवठा मध्येच खंडित होणे हेही त्यांपैकीच एक आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाप्रमाणे खानदेशानेही दीर्घ भारनियमन अनुभवले. मूळ फाइलीवरच लिहिणारी आज्ञावली अशा वेळी अर्धवट नोंदी मागे ठेवते. यावरचा उपाय असा की, नवा मजकूर प्रथम वेगळ्या फाइलीत लिहावा व तो पूर्ण झाल्यावरच तिने जुन्या फाइलीची जागा घ्यावी. लिहिताना मध्येच चूक घडवून आणून जुनी फाइल शाबूत राहते का, हे चाचणीत पाहता येते.

देवनागरी मजकुराचे प्रश्न : भारतीय लिप्यांसाठी इस्की हा वर्णसंकेत १९८८ मध्ये आला व १९९१ मध्ये त्यास भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच आधारावर युनिकोडमध्ये देवनागरीस १२८ स्थाने राखून ठेवण्यात आली. युनिकोडमध्ये व्यंजन, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक असतात. परिणामी वाचकाच्या दृष्टीने दोन अक्षरांचे ‘धुळे’ हे नाव पायथॉन चार घटकांचे मोजते. ‘नंदुरबार’ या पाच अक्षरांच्या नावात आठ घटक येतात. फाइलीत साठविताना यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक घटकास तीन बाइट लागतात, म्हणजे ‘धुळे’ लिहिण्यास १२ बाइट खर्ची पडतात. नावासाठी राखलेली जागा बाइटांत मोजली, तर लांब नावाची अखेरची मात्रा वा अक्षर तुटण्याचा संभव असतो. तसेच घटक मोजून रकाने आखणाऱ्या तक्त्यात मराठी नावांसमोरचे आकडे एका रेषेत येत नाहीत.

याहून गंभीर प्रश्न नाव तपासताना उद्भवतो. शब्दात केवळ अक्षरे आहेत का, हे पाहण्याची पायथॉनमधील प्रचलित पद्धती मात्रांना अक्षरे मानीत नाही. त्यामुळे तिच्या निकषावर ‘नगर’ हा शब्द मान्य होतो, मात्र ‘धुळे’ व ‘जळगाव’ अमान्य ठरतात. अंगभूत नमुनाशोधातील ‘शब्द’ या खुणेनेही ‘धुळे’चे ‘ध’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे होतात. लिहिणाऱ्याने इंग्रजी नावे घेऊन चाचणी केली असेल, तर यांपैकी एकही दोष त्याच्या लक्षात येत नाही. अर्जदाराचे नाव मात्र ‘अवैध’ ठरून परत येते.

एकच दिसणारा शब्द दोन प्रकारे टंकलिखित होणे, हा तिसरा प्रश्न होय. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. तत्पूर्वी ते ‘अ’ व अर्धचंद्र मिळून लिहीत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी भासली, तरी संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न आहेत आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. सातपुड्याच्या ‘दऱ्या’ या शब्दातील खास मराठी अर्धा र हाही दोन क्रमांनी लिहिला जातो व त्यामुळे शोधताना निसटतो. वर्णक्रमाबाबतही असेच घडते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये आहे. म्हणून मराठी कोशाच्या क्रमानुसार ‘जवस’ हा शब्द ‘जळगाव’च्या आधी यावयास हवा असताना पायथॉनची साधी क्रमवारी ‘जळगाव’ आधी लावते. मराठी वर्णक्रम हवा असल्यास तो आज्ञावलीत वेगळा सांगावा लागतो.

अंकांच्या बाबतीत मात्र पायथॉन ३ उदार आहे. ‘१२.५’ असे देवनागरी अंकांत लिहिले, तरी त्याची संख्या बरोबर होते. तथापि ‘१,२५०’ मधील स्वल्पविराम त्यास मान्य होत नाही व आज्ञावली थांबते. हिशेबाच्या वह्यांत स्वल्पविराम नित्याचा असल्याने ही चाचणी वगळून चालत नाही.

खानदेशच्या नोंदींचे वैशिष्ट्य : या प्रदेशाचे नावच ‘खानदेश’ व ‘खान्देश’ असे दोन प्रकारे लिहिले जाते, पहिल्यात सहा व दुसऱ्यात सात घटक आहेत आणि एकाचा शोध घेतल्यास दुसरे सापडत नाही. शिंदखेडे–शिंदखेडा, तळोदे–तळोदा अशी तालुक्यांची दुहेरी रूपेही प्रचारात आहेत. इंग्रजी कागदपत्रांत धुळ्याचे ‘धुलिया’ असे रूप आढळते. याखेरीज १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणून जुन्या नोंदीतील ‘पश्चिम खानदेश’ याच्या जागी सरसकट ‘धुळे’ घालणारी आज्ञावली नवापूर, शहादे व अक्कलकुवा येथील नोंदी चुकीच्या जिल्ह्यात टाकते. तालुका पाहिल्याशिवाय तेथे निर्णय करता येत नाही. पूर्व खानदेशाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. केवळ तेवढ्याच नोंदी घेऊन चाचणी केली, तर दोष झाकलेला राहील. अहिराणीसारख्या बोलीतील मजकुराचा प्रश्न आणखी वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय भाषासूचीत अहिराणीस मराठीहून स्वतंत्र संकेत असला, तरी प्रमाण मराठीच्या शब्दसूचीवर बेतलेली शुद्धिचिकित्सा तिच्या शब्दांना अशुद्ध ठरविते.

शिक्षण व प्रसार : जळगाव येथे १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील उच्च शिक्षणाचे ते प्रमुख केंद्र असून संगणकशास्त्राची प्रशाळा त्याच्या परिसरात आहे. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ पासून लागू झालेल्या योजनेत संगणक पदविकेसाठी पायथॉन हा स्वतंत्र विषय आला व तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांपर्यंतही ही भाषा पोहोचली.

या प्रसारामागे मुंबईतील भारतीय तंत्रविद्या संस्थेचे कार्य उल्लेखनीय आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानांतर्गत २००९ मध्ये तेथे फॉसी हा मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प सुरू झाला. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने लिनक्स, बॅश, पायथॉन इ. विषयांचे ध्वनिचित्र पाठ तयार केले व मराठीसह अनेक भारतीय भाषांत पाठांचे ध्वनिमुद्रण करविले. वैज्ञानिक चित्रणाच्या मायावी या पायथॉन संचाचे कर्ते प्रभू रामचंद्रन हे याच संस्थेत अध्यापक असून त्यांच्या पुढाकाराने फॉसी प्रकल्पात ‘यक्ष’ ही परीक्षा प्रणाली तयार झाली. तीत शिक्षक प्रश्नासोबत चाचण्या लिहितो. विद्यार्थ्याचे उत्तर, म्हणजे त्याने लिहिलेली आज्ञावली, त्या चाचण्यांवर चालविली जाते आणि चूक तत्काळ दाखवून त्यास पुन्हा प्रयत्न करण्याची संधी मिळते. सप्टेंबर २०११ मध्ये पायकॉन इंडिया ही पायथॉन वापरणाऱ्यांची राष्ट्रीय परिषद पुणे येथे भरली होती.

स्वयंचलित मूल्यमापनाने मोठ्या वर्गातील प्रत्येकाची आज्ञावली चालवून पाहणे शक्य झाले. तथापि परीक्षकाने जी चाचणी लिहिली नाही, तिच्यातील दोष यंत्र पकडू शकत नाही. इंग्रजी उदाहरणांवरच घडलेला विद्यार्थी सर्व चाचण्या उत्तीर्ण होऊनही आपल्याच गावाचे नाव नाकारणारी आज्ञावली लिहू शकतो.

महत्त्व : कमांड लाइन आज्ञावली साध्या वा जुन्या संगणकावर चालते, मंद जालजोडणीवरून दूरच्या यंत्रावर वापरता येते आणि तेच काम रोज बिनचूक पुन्हा करविता येते. मुद्रणालय, सहकारी संस्था, बाजार समिती, ग्रंथालय अशा मर्यादित साधनांच्या संस्थांना हे गुण उपकारक आहेत. मात्र आज्ञावलीने काय करावे हे जसे तिच्या कर्त्याने ठरवावयाचे असते, तसे कोणत्या मजकुरावर तिची परीक्षा व्हावी हे वापरणाऱ्या समाजाने सांगावे लागते. गावांची दुहेरी नावे, बदललेले जिल्हे, मराठीचा वर्णक्रम व बोलींतील शब्द यांची माहिती स्थानिक जाणकाराकडेच असते. ती चाचण्यांच्या रूपाने एकदा लिहून ठेवली, की पुढील प्रत्येक बदलाच्या वेळी यंत्र ती पडताळून पाहते आणि मूळ कर्ता बदलला तरी ती टिकून राहते. या अर्थाने चाचण्यांचा संग्रह हा आज्ञावलीचा पहारेकरी आणि त्याबरोबरच त्या प्रदेशाच्या भाषिक व्यवहाराचा एक दस्तऐवजही ठरतो.